बसलेला आवाज

फोनवर प्रमिला चौधरींना बाई समजणारा माणूस मी तेव्हा तरी पाहिला नाही. गॅसवाला म्हणायचा, "हां दादा, उद्या टाकतो सिलेंडर." बँकेतून फोन आला की पलीकडची मुलगी "सर" अशीच सुरुवात करायची. एकदा तर त्यांच्या नणदेने त्यांनाच आपला भाऊ समजून फोनवर त्यांच्याविरुद्ध भरपूर कागाळ्या केल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, शेवटी एक "हं" केलं आणि फोन ठेवून दिला. हे आम्हाला सांगताना त्या इतक्या हसल्या की खोकला आला, आणि खोकला आला म्हणून हसणं आवरावं लागलं. त्यांचं बहुतेक हसणं असं अर्ध्यावरच थांबायचं.

म्हसावद सोडून धडगावकडे निघालं की रस्ता चढाला लागायच्या आधी आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिथे बदलून आले तेव्हा बाई पहिलीच्या वर्गावर होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, उंच, सावळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. बघणाऱ्याला वाटावं की या बाईने एक हाक मारली तर अख्खं मैदान गप्प होईल. आणि तोंड उघडलं की आतून यायचा तो फाटक्या कापडासारखा घोगरा, अडखळता आवाज. नवीन माणूस हमखास विचारायचा, "सर्दी झाली का मॅडम?" त्या मान हलवायच्या. कितीजणांना सांगणार की ही सर्दी नाही, दोन-तीन वर्षांपासून असंच आहे.

मूळ आजार दम्याचा. माहेर नंदुरबारचं. गावाबाहेर जिथे मिरच्या वाळत घालतात, त्या पथाऱ्यांच्या जवळच त्यांचं घर होतं. हंगामात नजर जाईल तिथवर जमीन लाल व्हायची आणि वारा सुटला की घराघरांत लोक शिंकायचे. बाकीचे शिंकून मोकळे व्हायचे, या लहानग्या प्रमिलाचा मात्र श्वास अडकायचा. आई तिला मांडीवर बसवून पाठ चोळत राहायची आणि चोळता चोळता गाणी म्हणायची. लग्नाची, कानबाईची, जात्यावरची. "मला श्वास यायचा तोवर माझं गाणं पाठ झालेलं असायचं," बाई सांगायच्या. दम्याने त्यांना गाणी दिली असं त्या मानायच्या, आणि नंतर त्यानेच ती काढून घेतली याचं म्हणूनच त्यांना जास्त लागायचं.

कारण एके काळी या बाईंचा आवाज म्हसावद पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की चार घरची बोलावणी यायची. लग्नघरी हळदीला त्या आल्याशिवाय बायका गाणी सुरू करायच्या नाहीत. हे मला शाळेच्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मी ते नम्रपणे ऐकून घेतलं, इतकंच. त्या घशातून गाणं निघत असेल हे मला पटलं नव्हतं.

शिकवायची त्यांची रीत त्या घशाने ठरवून दिली होती. बोलायच्या आधी स्टीलच्या बाटलीतलं घोटभर पाणी. मग वाक्य मनातल्या मनात छाटायचं आणि उरेल तेवढंच बोलायचं. "वह्या काढा आणि काल आपण कुठपर्यंत आलो होतो ते बघा" हे सगळं त्या "वह्या" एवढ्यात बसवायच्या. त्या कधी रागवत नसत. मी एकदा त्याचं कौतुक केलं, तर म्हणाल्या, "कौतुक कसलं? रागवायला आवाज लागतो. मला परवडत नाही." जीपमधून शाळेत येताना पदर नाकाला गच्च धरलेला. कुणी तंबाखू मळायला लागलं की बाईंचा हात हळूच खिडकीकडे. आणि वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून दम्याचा पंप ओढायचा, तोही पदराआड, चोरून खाऊ खाल्ल्यासारखा. मुलांना वाटायचं बाई कोपऱ्यात देवाला नमस्कार करतात. दोन-चार मुलं त्या कोपऱ्यात जाऊन डोकं टेकवूनही यायची.

त्या मुलांचीच एक गोष्ट सांगायला हवी.

आमच्याकडची मुलं वरच्या पाड्यांवरची, घरी पावरी बोलणारी. मराठी त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडायची ती शाळेत, म्हणजे चौधरी बाईंच्या तोंडून. त्या वर्षी दिवाळीनंतर केंद्रप्रमुख शाळा बघायला आले. पहिलीच्या वर्गात शिरून त्यांनी पुढच्या रायसिंगला विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

रायसिंग उठला. छातीत हवा भरून घेतली, क्षणभर थांबला, आणि घोगऱ्या, दबलेल्या आवाजात म्हणाला, "माझं नाव रायसिंग आहे."

"मोठ्याने बोल की. घाबरू नको."

रायसिंगने आणखी जोर लावला. घोगरेपणा तेवढा वाढला. केंद्रप्रमुखांनी दुसऱ्याला विचारलं, मग एका मुलीला विचारलं. प्रत्येक पोर आधी थांबायचं, आवंढा गिळायचं आणि मग खरखरत बोलायचं. सगळा वर्ग दम्याचा असावा असा. साहेबांनी काळजीने आमच्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "यांना काही साथ वगैरे आलीय का?"

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. तीच पोरं बाहेर पडली आणि पावरीत अशी ओरडायला लागली की टेकडीवरून आवाज परत येत होता. मग आमच्या डोक्यात उजेड पडला. मुलांची अशी समजूत झाली होती की मराठी ही भाषाच अशी बोलायची असते. आधी थांबायचं, मग घसा खरवडायचा.

आम्ही पोट धरून हसलो. केंद्रप्रमुख हसले. बाईही हसल्या, खोकल्या, पाणी प्यायल्या. पण सुट्टी संपायच्या आत मी त्यांना बोलवायला गेले तर त्या रिकाम्या वर्गात बाकावर बसल्या होत्या.

"मी यांना भाषा नाही शिकवली, मॅडम," त्या म्हणाल्या. "आजार शिकवला."

त्यांनी मुख्याध्यापकांना सांगून रोज एका तासाला वर्गांची अदलाबदल मागून घेतली. मी पहिलीला मोठ्याने वाचून दाखवायचं, बोलायला लावायचं, आणि त्या माझ्या तिसरीला मुकाट्याने गणितं घालायच्या. महिन्याभरात मुलांचे गळे मोकळे झाले. रायसिंग तर इतकं मोठ्याने बोलायला लागला की त्याला आवरावं लागलं. बाई दारात उभ्या राहून ते ऐकायच्या. आनंदच असायचा चेहऱ्यावर, पण त्या आनंदाला कुठेतरी चीर होती.

उपाय त्यांनी कमी केले नाहीत. ज्येष्ठमध चघळून झाला, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, अडुळशाचा काढा झाला. पाड्यावरची एक म्हातारी कसलीशी मुळी उगाळून द्यायची, तीही झाली. मुळीने काही झालं नाही, पण म्हातारीला बरं वाटावं म्हणून बाई पुढे महिनाभर ती घेत राहिल्या. एक गोष्ट मात्र त्यांनी केली नाही. डॉक्टरांना आवाजाचं विचारलं नाही. दोन-तीन महिन्यांनी शहाद्याला जायच्या, डॉक्टर विचारायचे, "दम कसा आहे?" या सांगायच्या, "बरा आहे." चिठ्ठी घेऊन परत. मी एकदा म्हटलं, "आवाजाबद्दल बोललात का?" तर आश्चर्याने माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आवाज काय, बसलेलाच असतो. त्यानं कोणी मरतं का? बाहेर माणसं दम लागून वाट बघत असतात."

त्यांच्या मनाने एक उत्तर आधीच पक्कं केलं होतं. आवाज बसला तो रोजचा पंप सुरू झाल्यावर, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यात शेजारच्या सुमनताईंनी भर घातली होती. मी एका संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर बसले असताना सुमनताई समोर उभ्या राहून म्हणाल्या, "पंपनी सवय लागस, व बहीण. आवाज बी खाई टाकस तो. मन्हा जेठनं तेच व्हयनं."

सुमनताईंच्या जेठांना, म्हणजे थोरल्या दिरांना, काय झालं होतं कोण जाणे. पण त्या बोलण्यातला अर्धा भाग खराच होता, हीच पंचाईत होती. पूर्ण खोटं असतं तर बाईंनी ऐकलं नसतं.

त्याच सुमारास दिपाचं लग्न जमलं. दिपा म्हणजे दीपाली, त्यांची एकुलती लेक. बीएस्सी झालेली, तरतरीत, आईसारखीच उंच. मुलगा सारंगखेड्याचा, सुरतेला नोकरी. बघायला मंडळी आली तेव्हा मी मदतीला गेले होते. मुलाच्या आत्याने चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "विहीणबाई, आवाज असा कसा हो?"

"गारठा," बाई म्हणाल्या.

पंप त्या वेळी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे होता. आजार आईला आहे म्हणजे मुलीलाही असेल, असं लोक लगेच धरून चालतात. बाईंनी सारंगखेड्याच्या मंडळींना दम्याचं लग्नाआधी कळू दिलं नाही. आप्पांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, हे पटलं नव्हतं. साधा, शेतकरी माणूस, पपईचे बाग होते. ते म्हणाले, "आज लपाडशी, उद्या कसं व्हई?" बाईंनी हाताने त्यांना गप्प केलं.

आणि मग ते हळदीचं गाणं.

बाईंच्या आईने त्यांच्या हळदीला म्हटलेलं एक गाणं होतं. मी ते पूर्ण कधी ऐकलं नाही, पण त्यातली गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. लेक सासरी निघाली आहे, वाटेत तापी आहे, पाणी चढलं आहे. आई नदीला म्हणते, तू जरा ओसर, माझी मुलगी उतरून जाऊ दे. मग नदी विचारते, आणि ती परत येईल तेव्हा? आई म्हणते, तेव्हा तू मला कळव, मी काठावर येऊन उभी राहीन. आईने हे गाणं आपल्याला दिलं, ते आपण दिपाला द्यायचं, एवढं एक बाईंनी धरलं होतं. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला तरी शिकवा, ती म्हणेल. तेव्हा शाळेतली प्रमाण मराठी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मन्ही मायनी मन्हा लगीनमा म्हनेल व्हतं. दुसरी कशी म्हनी? मी म्हनसू."

लग्नाच्या आधी कितीतरी आठवडे त्यांनी रोजचा पंप बंद केला. कोणाला सांगितलं नाही. पंप घेतला का, असं आप्पा रोज विचारायचे, "लिधा का पंप?" आणि त्या म्हणायच्या, "लिधा, लिधा." ऐनवेळी ओढायचा दुसरा, निळा पंप तेवढा जवळ ठेवला. आणि नवल म्हणजे आवाज खरंच सुटायला लागला. आम्हा सगळ्यांना तो बदल जाणवला. शाळेत त्यांनी एक दिवस रायसिंगला मैदानाच्या पलीकडून हाक मारली आणि तो चक्क वळला. बाई केवढ्या खूश झाल्या. आम्ही म्हटलं, मुळीचा गुण आला. त्या नुसत्या हसल्या. थंडीत अधूनमधून छाती घरघरायची, निळा पंप जास्त लागायचा, पण लग्नघर म्हटल्यावर दगदग असतेच, असं त्याही म्हणायच्या, आम्हीही म्हणायचो.

हळद म्हसावदला घरीच झाली, दिवस कलता कलता. अंगणात मांडव, कोपऱ्यात चुलाण्यांवर भाताची आणि वरणाची पातेली, धूर सगळा अंगणात कोंडलेला. पोरांनी बाहेर फटाक्यांची माळ लावलेली. दिपा पिवळ्या साडीत पाटावर बसली होती. बायकांनी दोन-तीन गाणी म्हणून घेतली आणि मग एकेक करत सगळ्या गप्प झाल्या. बाई लेकीसमोर खाली बसल्या. तिच्या गालाला हळद लावली, आणि हात तिथेच ठेवून गायला लागल्या.

स्वयंपाकीणबाईंनी सांगितलेलं मला त्या वेळी पटलं. गोड आवाज नव्हता तो. भरदार होता, थोडा खालच्या पट्टीतला, आणि शब्दांच्या शेवटी तो किंचित थरथरायचा. मागच्या म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. आप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. दिपा आधी हसत होती, मग रडायला लागली. नदीने विचारलं, ती परत येईल तेव्हा, तिथपर्यंत गाणं आलं, आणि बाई थांबल्या. सगळ्यांना वाटलं कढ आला. त्यांनी हात वर करून पुरे म्हणून खूण केली, दिपाला जवळ घेतलं आणि उठून आत गेल्या. शेवटचं कडवं राहिलं ते राहिलंच.

मी आत गेले तर त्या पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर ओढून बसल्या होत्या. निळा पंप हातात. "धूर," एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने बरं वाटलं. सकाळीही बरं वाटतंय म्हणाल्या. लग्नाला शहाद्याच्या मंगल कार्यालयात त्या मोतिया रंगाची पैठणी नेसून आल्या, पाहुण्यांना हात जोडत फिरल्या. मी बघत होते, दोन पावलं चालून त्या कोणाशी तरी बोलायच्या निमित्ताने थांबायच्या. अक्षता वाटायला सुरुवात झाली तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या, आणि मग त्यांना उठता येईना. ओठ निळसर दिसायला लागले.

आप्पा धावत आले. "चाल, गाडी काढ," ते भाच्याला ओरडले आणि स्वतः निघायला लागले. बाईंनी त्यांचा हात धरला. बोलता येत नव्हतं. मांडवाकडे बोट दाखवलं, मग आप्पांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे ढकललं. पुन्हा मांडवाकडे बोट. आप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. त्या माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी असायला हवं होतं. शेवटी आप्पा मांडवात थांबले, आणि बाईंचा भाऊ आणि मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून ते दिपाच्या काका-काकूंनी केलं. दिपाला अंतरपाट दूर होईपर्यंत कोणी काही सांगितलं नाही. आई दिसत नाही म्हणून ती मान वळवून वळवून बघत होती, असं नंतर तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. नळ्या, मास्क, इंजेक्शनं, सगळं भराभर झालं. धाप जरा उतरल्यावर त्याने विचारलं, "रोजचा पंप चालू होता ना?" भाऊ म्हणाला, "हो हो, नियमित." मास्कच्या आतून बाईंनी नाही अशी मान हलवली.

वरात सारंगखेड्याला निघाली ती शहाद्यातूनच. गाडी दवाखान्यासमोर थांबवून दिपा शालूत, मुंडावळ्या तशाच, अतिदक्षता विभागाच्या दारात आली. नर्सने एक मिनिट म्हणून आत सोडलं. बाईंच्या तोंडावर मास्क, दोन्ही हातांना सुया. दिपाने वाकून पायांवर डोकं ठेवलं. आशीर्वादाला हातही उचलता आला नाही. बाहेर मुलाची आत्या कोणाला तरी म्हणत होती, "गारठा सांगितला होता हो आम्हाला." हीच ती पाठवणी.

बाई दोन-तीन दिवसांत सावरल्या. डॉक्टर राउंडला आला तेव्हा खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आता सांगा, बंद का केला?" बाईंनी आप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाजाचं सांगितलं.

"मग आधी बोलला का नाहीत कोणाला?"

"दमाचं विचारलं, दमाचं सांगितलं."

त्याने कपाळाला हात लावला. पण रागावला नाही. घशाच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. स्वरयंत्र सुजलेलं, वर पांढरट थर. पंपातलं औषध घशातच बसून राहतं आणि आवाज खराब होतो, हे बऱ्याच जणांना होतं, ते म्हणाले. पंपाला मोठी प्लास्टिकची नळकांडी जोडून घ्यायचा, म्हणजे औषध घशात न बसता आत जातं. आणि प्रत्येक वेळी घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरायची, गुळणी करायची, थुंकून टाकायचं. घसा खाकरायचा नाही, त्याऐवजी पाणी प्यायचं. कुजबुजायचं नाही, त्याने उलट ताण येतो, हळू पण मोकळं बोलायचं. आणि तरी आवाज बसला तर येऊन सांगायचं, औषध बदलून बघता येतं. आपल्या मनाने बंद मात्र करायचं नाही.

बाई ऐकत होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "चूळ भरायची?"

"हो."

"एवढंच?"

"सुरुवातीला एवढंच केलं असतं तर बराच फरक पडला असता," घशाचे डॉक्टर म्हणाले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते पुढच्या पेशंटकडे गेले. बाई उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिल्या. मला तिथे थांबवेना.

दिपा मांडवपरतणीला माहेरी आली तेव्हा बाई घरी आल्या होत्या. मी भेटायला गेले होते. सगळं नीट चाललं होतं, जावई आप्पांबरोबर पपईचा बाग बघायला गेले होते. बाई लेकीला म्हणाल्या, "दिपा, शेवटलं कडवं राही गयं." त्यांच्या मनात असेल की आता म्हणावं. दिपा पातेलं विसळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"माले गानं नही पाहिजे व्हतं, माय," ती म्हणाली. "माले तू पाहिजे व्हती."

पुढे त्या विषयावर त्या दोघी कधी बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

बाई पुन्हा शाळेत आल्या. आता पंप उघड घ्यायच्या, टेबलावर नळकांडी, बाजूला चूळ भरायला तांब्या. मुलांना सांगून टाकलं की हे औषध आहे. गळ्यात अडकवायचा छोटा माइक आप्पांनी शहाद्याहून आणून दिला होता. आवाज हळूहळू बराच मोकळा झाला, फोनवरचे लोकही त्यांना क्वचित "ताई" म्हणायला लागले. पण भरदारपणा परतला नाही. जोर लावला की मध्येच फाटायचा. इतकी वर्षं ताणलेल्या गळ्याकडून जास्त मागू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कानबाईची बोलावणी आली की त्या जायच्या आणि मागे बसून टाळ्या वाजवायच्या. पाड्यावरच्या कोणाला धाप लागते असं कळलं की घरी जाऊन सांगायच्या, पंप घे, लाजू नको, आणि चूळ भर. ते सांगताना त्यांच्या आवाजात एक घाई असायची.

नंतर त्यांनी मुदतीआधीच सेवानिवृत्ती घेतली आणि माझी बदली शहाद्याजवळ झाली. फोन व्हायचे. गेल्या हिवाळ्यात सारंगखेड्याच्या यात्रेत त्या मला दिसल्या.

मी मुलांना घोडे दाखवायला घेऊन गेले होते. बाजाराच्या अलीकडे, जिथे गाड्या लावतात तिथे एका गाडीत बाई बसलेल्या. काच वर केलेली, तोंडाला मास्क. मी टकटक केलं. त्यांनी ओळखून काच खाली घेतली, माझा हात धरला. दिपा सुरतेहून सासरी आली होती, सोबत तीन वर्षांची नात. धुळीत उतरायची बाईंना मनाई होती.

दिपा पाणी घेऊन आली. छान भरली होती अंगाने. माझी विचारपूस केली, आईच्या मांडीवर पाण्याची बाटली ठेवली. "आई, काच बंद ठेव. पंप पर्समध्ये आहे, नळकांडी मागच्या सीटवर. आम्ही येतो अर्ध्या तासात." सगळं चोख. एखादी चांगली नर्स बोलेल तसं. पूर्वी ती आईला "माय" म्हणायची, हे माझ्या लक्षात आलं. मग ती लेकीला कडेवर घेऊन गर्दीकडे निघाली.

थोडं पुढे गेल्यावर पोरीच्या पायातली चप्पल धुळीत पडली. दिपाला कळलं नाही. बाईंनी ते पाहिलं, मास्क खाली ओढला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि हाक मारली, "दिपा!"

हाक गाडीच्या पुढेही गेली नाही. समोर घोडे खिंकाळत होते, कुठेतरी हलगी वाजत होती. त्यांनी पुन्हा मारली. दुसऱ्यांदा आवाज मध्येच फाटला आणि नुसती हवा बाहेर आली. दिपा चालतच होती.

मग मी ओरडले. दिपा लगेच वळली. मी चप्पल दाखवली, तिने वाकून उचलली, पोरीच्या पायात घातली आणि लांबूनच हात हलवला. मला.

बाईंनीही हात हलवला. तो तिने पाहिला की नाही सांगता येत नाही, ती गर्दीत शिरली होती.

"धूळ आहे," बाई मला म्हणाल्या, "काच लावते हं." माझी मुलं घोड्यांकडे ओढत होती, मीही निघाले. थोडं जाऊन मागे वळून पाहिलं. काच वर होती. बाई सरळ बसून दिपा गेली त्या बाजूला बघत होत्या, मास्क हनुवटीखाली तसाच. गाडीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यांचे ओठ हलत होते. ओठ उघडून पुन्हा मिटत होते, पुन्हा उघडत होते, त्या एकाच लहानशा नावावर.